ट्रॅफिकचं बिल कुणाच्या नावावर फाटतं

दरवर्षी जानेवारी आला की टॉमटॉम या नकाशे बनवणाऱ्या कंपनीचा ट्रॅफिकचा रिपोर्ट येतो आणि दोन दिवस सगळ्या ग्रुपवर तोच फिरत असतो. २०२४ च्या आकड्यांमध्ये पुणे जगात चौथं होतं, दहा किलोमीटर जायला सरासरी ३३ मिनिटं २२ सेकंद, आपल्या पुढे बंगळुरू आणि कोलकाता, आणि पहिला नंबर कोलंबियातल्या कुठल्यातरी शहराचा. सगळे हळहळतात, कुणीतरी विद्यापीठ चौकाचा फोटो टाकतं, कुणीतरी हिंजवडीचा, आणि विषय संपतो. मला त्या सरासरीबद्दल बरेच दिवस लिहायचं होतं, कारण माझं पोट ज्या कामावर चालतं त्या कामात सरासरीचा काडीचा उपयोग होत नाही.

मी भोसरी एमआयडीसीत एका छोट्या प्रेसशॉपमध्ये डिस्पॅच बघते. शीट मेटलचे पार्ट, म्हणजे ब्रॅकेट, क्लॅम्प, असलंच सगळं, आणि आमचा बराचसा माल जातो चाकणला. अंतर म्हणाल तर जेमतेम पंधरा-अठरा किलोमीटर, म्हणजे काहीच नाही. गाडी कधी चाळीस मिनिटांत गेटवर लागते आणि कधी तीच गाडी, तोच ड्रायव्हर, तोच रस्ता, आणि दोन-अडीच तास होऊन जातात. याची सरासरी काढली तर सव्वा-दीड तास वगैरे येईल. पण मी गाडी सव्वा तास धरून सोडू शकत नाही ना. मला ती अडीच तास धरूनच सोडावी लागते, कारण ज्या दिवशी अडीच तास लागतील तो दिवस आजचा आहे का उद्याचा ते मला सकाळी सात वाजता कळत नाही. म्हणजे रस्ता मोकळा असतो त्या दिवशीसुद्धा आम्ही ट्रॅफिकचे पैसे भरतच असतो, आणि हा खर्च कुठल्याही हिशोबात ट्रॅफिक या नावाने लागत नाही.

ज्यांना हा रस्ता माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. नाशिक फाट्यावरून वर आलं की लांडेवाडी, भोसरी, मग मोशी, इंद्रायणीचा पूल, चिंबळी फाटा, कुरुळी फाटा, आळंदी फाटा आणि मग चाकणातले आंबेठाण चौक आणि तळेगाव चौक. हा पुणे-नाशिक हायवे, नॅशनल हायवे ६०. आणि तळेगाव चौकात याला आडवा येतो तळेगाव-चाकण-शिक्रापूर रस्ता, तो पण नॅशनल हायवेच, ५४८ डी. आता न्हावाशेवा बंदराकडून येणारा कंटेनर ज्याला रांजणगावला किंवा अहिल्यानगरकडे जायचंय तो पुण्यात कशाला घुसेल, तो एक्स्प्रेसवेवरून तळेगावला उतरतो आणि चाकणवरून शिक्रापूरला निघतो. बरोबरच करतो तो. पण त्यामुळे होतं काय की दोन नॅशनल हायवे एका गावाच्या चौकात एकाच पातळीवर एकमेकांना कापतात, त्यात गावातली दुकानं, रिक्षा, शाळेच्या व्हॅन, कंपन्यांच्या बस, मार्केट यार्डाकडे निघालेल्या कांद्याच्या पिकअप, आणि सगळ्यांना त्याच दहा-पंधरा मीटरच्या पट्ट्यातून जायचं असतं. बजाजचा प्लांट इथे १९९९ ला आला, २००९ च्या आसपास फोक्सवॅगन, मर्सिडीज, महिंद्रा, मग त्यांच्यामागून शेकडो व्हेंडर, म्हणजे त्यांना पार्ट पुरवणारे. कारखाने आले त्या वेगाने रस्ता आला नाही, एवढं तर कुणीही सांगेल.

आता खर्च नेमका कुठे होतो ते बघा, कारण लोक ट्रॅफिकचा खर्च म्हटलं की डिझेल म्हणतात. डिझेल जातंच. उभ्या गाडीचं इंजिन तासाला अर्धा ते एक लिटर पितं आणि थोडं पुढे, थोडं थांब असं करताना त्याहून जास्त, क्लचप्लेट जाते ती वेगळी. पण डिझेल हा यातला सगळ्यात लहान आकडा आहे असं मी खात्रीने सांगते. मोठा आकडा आहे फेऱ्यांचा.

आमच्याकडे दोन गाड्या अटॅच आहेत, म्हणजे गाडी त्यांची, हप्ता त्यांचा, आम्ही ट्रिपवर पैसे देतो. समजा एका टेम्पोचा रोजचा बांधलेला खर्च, बँकेचा हप्ता, ड्रायव्हरचा पगार, हेल्पर, इन्शुरन्स, टॅक्स, पासिंग, सगळं मिळून ३,००० रुपये आहे. गाडी चालली काय नि उभी राहिली काय हे पैसे जाणारच. दिवसाला चार फेऱ्या झाल्या तर एका फेरीवर ७५० रुपये बसतात. तीन झाल्या तर १,०००. दोनच झाल्या तर १,५००. रस्ता तेवढाच, माल तेवढाच, डिझेल अजून धरलेलंच नाही, आणि फेरीची किंमत डबल झाली. आता रेट तर ट्रिपवर ठरलेला असतो, वर्षातून एकदा बदलतो तोही भांडून, मग हा फरक कोण सोसतं? गाडीवाला सोसतो. तो मग काय करतो, ओव्हरलोड भरतो, टायर अजून एक सीझन ओढतो, हेल्पर काढून टाकतो आणि स्वतःच उतरून पार्टचे बिन, म्हणजे क्रेट, ओढायला लागतो. आमच्याकडचे एक काका पन्नाशी पार केलेले आहेत, गुडघ्यांचा त्रास आहे, आणि तरी ट्रॉली स्वतः ढकलतात कारण हेल्परचे पैसे आता फेरीतून निघत नाहीत. ट्रॅफिकचा आर्थिक फटका हा शब्द मी पेपरात वाचते तेव्हा मला त्यांचे गुडघे आठवतात.

पुढचा खर्च लाइनचा. गाड्यांची असेंब्ली लाइन मिनिट-दीड मिनिटाला एक गाडी अशी पळते, आणि मोठ्या कंपन्या पार्टचा साठा जवळ ठेवत नाहीत, जस्ट इन टाइम, टोयोटाकडून जगाने उचललेली पद्धत. तत्त्वाने चांगली आहे, पैसा गोडाऊनमध्ये पडून राहत नाही. पण ही पद्धत एका गोष्टीवर उभी आहे, की माल सांगितलेल्या वेळेला येतो. जपानमध्ये तो येत असेल. इथे सकाळी सव्वाआठला फोन येतो, "ताई, मोशीच्या पुढे हलतच नाहीये काही, कंटेनर आडवा झालाय म्हणतात," आणि माझ्या पोटात गोळा येतो, कारण माल उतरवायचा स्लॉट साडेनऊचा आहे आणि त्यांच्याकडे माझ्या ब्रॅकेटचे दोन तास पुरतील एवढेच पीस आहेत. लगेच दुसऱ्या बाजूने फॉलोअप सुरू, गाडी कुठाय, लोकेशन पाठवा, ड्रायव्हरचा नंबर द्या. मग आम्ही काय करतो तर एका छोट्या हत्तीत घाईघाईने दोन बिन टाकतो आणि आळंदीकडून, मरकळकडून, जिथून वाट मिळेल तिथून पळवतो. म्हणजे जी गाडी ट्रॅफिकमध्ये अडकली तिच्यासाठी आम्ही अजून एक गाडी ट्रॅफिकमध्ये घातली. आमच्यासारखे किती व्हेंडर त्याच वेळी हेच करत असतील. आणि एवढं करून लाइन थांबलीच तर डेबिट नोट येते, म्हणजे आमच्या बिलातून पैसे कापल्याचा कागद, थांबलेल्या मिनिटांच्या हिशोबाने, आणि ती कधीकधी त्या गाडीतल्या अख्ख्या मालाच्या रकमेपेक्षा मोठी असते. त्या कागदावर कारण म्हणून लिहिलेलं असतं "लेट डिलिव्हरी". ट्रॅफिक असा शब्द कुठे नसतो. एकदा आम्हाला आलेली अशी नोट मी फाइलला लावून ठेवली आहे, त्या दिवशी कुरुळी फाट्याजवळ ट्रेलरचा ॲक्सल तुटला होता आणि दोन्ही बाजूला रांग होती, सगळ्या चाकणला माहीत होतं, कस्टमरच्या परचेसवाल्यालाही माहीत होतं, तो स्वतः त्यातच अडकला होता. तरी नोट आली, कारण त्यांच्या सिस्टिममध्ये त्यासाठी दुसरा कोडच नाही.

हे टाळायला मग व्हेंडर साठा वाढवतात. कस्टमरच्या गेटजवळ खराबवाडीत, नाणेकरवाडीत, महाळुंग्यात एखादा गाळा भाड्याने घेऊन एक-दोन दिवसांचा माल तिथे ठेवायचा. हिशोब सांगते. समजा रोजचा सप्लाय ३ लाखाचा आहे, एक दिवसाचा माल जास्तीचा ठेवला, म्हणजे ३ लाख अडकले, सीसीवर, म्हणजे बँकेच्या कॅश क्रेडिटवर, १२ टक्के धरलं तर वर्षाला ३६,००० व्याज. हे सोसतं, खोटं कशाला बोलू. न सोसणारं पुढेच आहे. गाळ्याचं भाडं, तिथे एक माणूस बसवायचा त्याचा पगार, बिन आणि ट्रॉल्या डबल लागतात, पावसाळ्यात पार्टला गंज धरतो म्हणून पुन्हा ऑइल मारायचं, आणि मधेच ड्रॉइंगमध्ये बदल आला की गाळ्यातला जुना माल थेट स्क्रॅप. जस्ट इन टाइमने कस्टमरचा साठा कमी झाला म्हणतात तो गेला कुठे, तर थोडा व्हेंडरच्या गाळ्यात गेला आणि बाकीचा रस्त्यावर उभा आहे.

रस्त्यावर उभा आहे हे मी अगदी शब्दशः म्हणतेय. चाकणच्या आतल्या रस्त्यांवर कधीही जा, कंपन्यांच्या गेटबाहेर ट्रक लागलेले दिसतील, एकामागे एक, इंडिकेटर लावून. का, तर स्लॉट दुपारी दोनचा आहे आणि ट्रक तामिळनाडूतून किंवा गुजरातमधून पहाटेच पोचलाय, आत घेणार नाहीत, आत जागा नाही, आणि ट्रक टर्मिनल म्हणावं असं जवळ काही नाही. म्हणून तो डाव्या लेनमध्ये उभा. दोन लेनच्या रस्त्याची एक लेन गेली की रस्ता निम्मा झाला. जागा सार्वजनिक, सोय खाजगी. कंपनीने आतली जमीन शेड वाढवायला वापरली आणि पार्किंग एमआयडीसीच्या रस्त्यावर ढकललं तर तिचा ताळेबंद छान दिसतो, कारण त्या लेनचं भाडं तिला कुणी लावत नाही. ते भाडं मागे अडकलेला प्रत्येक माणूस भरत असतो, थोडं थोडं, मिनिटांमध्ये.

पीक अवरला जड वाहनांना बंदी घालतात तेव्हाही असंच काहीतरी होतं. हेतू चांगला असतो, सकाळी कामगारांच्या बस आणि शाळेच्या गाड्या निघाव्यात. पण ट्रक नाहीसे होत नाहीत, ते वेशीवर थांबतात, आणि बंदी उठली की सगळे एकदम सुटतात आणि अकरा-साडेअकराला दुसरा पीक तयार होतो. शिवाय मोठ्या गाडीला बंदी म्हटल्यावर लोक तोच माल तीन छोट्या गाड्यांत घालतात. रस्त्यावर गाड्या वाढल्याच की.

इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी, मला ती फार महत्त्वाची वाटते. गाड्या वाढतात तसा उशीर त्याच प्रमाणात वाढत नाही. अमेरिकेतल्या ब्युरो ऑफ पब्लिक रोड्सने साठच्या दशकात एक सूत्र काढलं, अजूनही जगभरचे ट्रॅफिक इंजिनियर ते वापरतात. त्यात वाहनांचं प्रमाण भागिले रस्त्याची क्षमता याचा चौथा घात येतो. रस्ता क्षमतेला भरला की वेळ मोकळ्या रस्त्यापेक्षा १५ टक्के जास्त लागतो. दीडपट गाड्या आल्या की सुमारे ७६ टक्के जास्त. दुप्पट आल्या की २४० टक्के जास्त, म्हणजे जवळजवळ साडेतीन पट वेळ. हे सूत्र नीट वाहणाऱ्या हायवेसाठी आहे, आपल्याकडे तर रॉंग साइड, खड्डे, फाट्यावर आडवे घुसणारे, त्यामुळे इथली गत त्याहून वाईटच. पण यातून एक आशेची गोष्ट निघते. त्रास शेवटच्या थोड्या गाड्यांचा असतो. निम्म्या गाड्या हटवायची गरजच नाही, नेमक्या वेळच्या थोड्या हटल्या तरी रस्ता धावायला लागतो. मे महिन्यात शाळा बंद असतात तेव्हा बघा, गाड्या किती कमी होतात? थोड्याच. पण फरक किती पडतो ते रोज जाणाऱ्याला विचारा. आमच्या भोसरीत सुट्टी गुरुवारी असते, आणि गुरुवारी एखादी अर्जंट गाडी सोडली की ड्रायव्हर पोचल्यावर फोन करून सांगतो, ताई रस्ता मोकळा होता आज.

आणि दुसरी गोष्ट म्हणजे आधी कळलं तर खर्च निम्म्याहून कमी होतो. आळंदीहून माउलींची पालखी निघते, कार्तिकीला लाखो वारकरी येतात, तेव्हा या भागातले रस्ते वळवलेले असतात, काही तर पूर्ण बंद. पण ती तारीख वर्षभर आधी कॅलेंडरवर असते. आम्ही आदल्या रात्री माल पाठवून ठेवतो, कस्टमर पण स्लॉट हलवतो, कुणी कुणाला डेबिट नोट देत नाही. रस्ता बंद असूनसुद्धा त्या दिवसाचा आम्हाला फार खर्च येत नाही, आणि एखाद्या साध्या मंगळवारी रस्ता चालू असून हजारोंचा खड्डा पडतो. म्हणून मी म्हणते की पैसे जातात ते उशिरापेक्षा बेभरवशामुळे जास्त जातात. वाहतूक पोलिस, एमआयडीसी, नगरपरिषद, कुणीही जर एवढं केलं की गाडी बंद पडली, ट्रेलर अडकला, तर पहिल्या दहा मिनिटांत सगळ्यांना मेसेज, आणि मोशी ते चाकणच्या मधे क्रेन कायम उभी, तर त्याचा फायदा नवीन पूल व्हायच्या कितीतरी आधी दिसेल आणि खर्च त्याच्या पासंगालाही पुरणार नाही.

कामगारांचं तर अजून बोललेच नाही. चाकणमध्ये काम करणारी बरीच पोरं बीड, लातूर, नांदेड, विदर्भातून आलेली, कॉन्ट्रॅक्टवर, चार-पाच जणांत एक रूम करून राहतात. ज्यांना कंपनीची बस आहे त्यांचं त्यातल्या त्यात बरं, बस लेट झाली तर कंपनी समजून घेते. जो शेअर रिक्षाने किंवा मित्राच्या टू-व्हीलरवर येतो त्याचं पंचिंग उशिरा झालं की अर्धा दिवस कापला. त्याने रस्त्यावर घालवलेला पाऊण तास कुणी मोजत नाही, मोजला तर त्याच्याच पगारातून वजा होतो. म्हणून तो पाऊण तास आधी निघतो, रोज, आणि संध्याकाळी तसाच पाऊण तास उशिरा पोचतो. शिफ्ट आठ तासांची, माणूस घराबाहेर बारा तास. आमच्या शॉपमध्ये एक चांगला टूलरूमचा मुलगा होता, चाकणला जास्त पगार मिळाला म्हणून गेला आणि काही महिन्यांनी परत आला, भोसरीत राहत होता, म्हणाला वाढीव पैसे रस्त्यातच गेले आणि बायको म्हणते तू दिसतच नाहीस. अर्थशास्त्रात याला लेबर मार्केट आकुंचन पावणं असं काहीतरी म्हणत असतील. साधा अर्थ असा की पंधरा किलोमीटरवरची चांगली नोकरी त्या मुलासाठी अस्तित्वातच राहिली नाही, आणि त्या कंपनीला चांगला कारागीर मिळाला नाही.

भाजीवाल्यांचंही तेच. खेड-जुन्नरकडून पहाटे निघालेली पिकअप मोशीच्या मार्केटला वेळेत पोचली तर पहिला भाव, तासभर मागे पडली तर उरलासुरला. कोथिंबीर काही कुणाची वाट बघत नाही.

मोठे आकडे पण आहेत. २०१८ मध्ये बीसीजी या कन्सल्टिंग कंपनीने एक अभ्यास केला, त्यात दिल्ली, मुंबई, बंगळुरू आणि कोलकाता या चार शहरांत पीक अवरच्या ट्रॅफिकमुळे वर्षाला सुमारे १.४७ लाख कोटी रुपयांचं नुकसान होतं असं आलं. तो अभ्यास उबरने करून घेतला होता, तेव्हा तो वाचताना हेही लक्षात ठेवावं, आणि त्यात पुणे-पिंपरी नव्हतंच. तरी चार शहरांचा हा आकडा बघितल्यावर आपल्याकडच्या रस्त्यावर रोज किती जात असेल याची कल्पना येते. फक्त असे आकडे वाचून वाटतं की नुकसान "देशाचं" झालं, म्हणजे कुणाचंच नाही. प्रत्यक्षात ते वाटलं जातं, आणि वाटणी अशी की ज्याच्या हातात सगळ्यात कमी ताकद तो सगळ्यात जास्त भरतो. कस्टमर व्हेंडरवर ढकलतो, व्हेंडर गाडीवाल्यावर, गाडीवाला हेल्परवर.

अर्थशास्त्रज्ञ यावर म्हणतात की मग रस्त्याला भाव लावा, म्हणजे गर्दीत गाडी घालायचे पैसे घ्या. विल्यम व्हिकरी या अर्थशास्त्रज्ञाने १९५० च्या दशकापासून हे सांगितलं, १९९६ ला त्यांना नोबेल मिळालं. सिंगापूरने १९७५ ला सुरू केलं, लंडनने २००३ ला पाच पौंडांपासून, स्टॉकहोमने २००६ ला ट्रायल घेतली आणि वाहतूक साधारण पाचव्या हिश्श्याने कमी झाली, न्यूयॉर्कने जानेवारी २०२५ पासून. मला ही कल्पना पटते, पण चाकणला जशीच्या तशी नाही पटत. स्टॉकहोमला माणूस गाडी ठेवून मेट्रोने जाऊ शकतो. माझे ब्रॅकेट मेट्रोने जाणार नाहीत, आणि चाकणला मेट्रोही नाही, रेल्वेही नाही. पुणे-नाशिक रेल्वे इतकी वर्षं कागदावरच आहे, खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणींना त्रास होईल म्हणून मार्गच पुन्हा ठरवायची वेळ आली. पर्याय न देता चार्ज लावला तर तोसुद्धा टेम्पोवाल्याच्याच खिशातून जाणार. इथे भाव लावायचाच असेल तर गेटबाहेर अडवलेल्या लेनला लावा. ज्या कंपनीच्या गेटबाहेर ट्रक उभे तिला तासाचं भाडं, आणि त्या पैशातून ट्रक टर्मिनल. मग बघा स्लॉट कसे आपोआप पसरतात, रात्री माल उतरवून घ्यायला स्टाफ कसा मिळतो. काही कंपन्या मिल्क रन करतात, म्हणजे त्यांचीच एक मोठी गाडी भोसरीतल्या पाच-सहा व्हेंडरकडून माल गोळा करते. सहा गाड्यांच्या जागी एक. सगळ्यांनी करावं असं हे आहे.

उन्नत मार्गाचं विचाराल तर ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राने नाशिक फाटा ते खेड आठ पदरी एलिव्हेटेड कॉरिडॉर मंजूर केला, ३० किलोमीटर, ७,८२७ कोटी. तो हवाच आहे, लांबची गाडी वरून गेली तर खाली श्वास मिळेल. पण काम चालू असताना त्याच रस्त्याच्या मधे बॅरिकेड लागणार, आणि त्या काळात माल कसा जाणार याचा प्लॅन मला कुठे दिसत नाही. विद्यापीठ चौकातले पूल २०२० मध्ये पाडले आणि त्यानंतर लोकांनी किती वर्षं काढली ते पुण्याने बघितलंय. आणि अँथनी डाउन्स या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९६२ मध्येच लिहून ठेवलंय की गर्दीच्या वेळचा रस्ता मोठा केला की गर्दी वाढून त्याला पुन्हा भरते. तेव्हा वर पूल आणि खाली लेनमध्ये ट्रक उभे, असं असेल तर काही वर्षांत आपण तिथेच येऊ. तळेगाव चौकातला आडवा प्रवाह वेगळा काढल्याशिवाय तर नाहीच, कारण शिक्रापूरकडे जाणारा कंटेनर या उन्नत मार्गाच्या कामाचाच नाही.

आमच्या पातळीवर आम्ही एक केलंय. ट्रकवाल्यांमध्ये हॉल्टिंग म्हणून जुना शब्द आहे, गाडी ठरलेल्या वेळेपेक्षा जास्त उभी राहिली तर त्याचे तासाला पैसे. मोठ्या ट्रकला मिळतात, लोकल टेम्पोला कुणी देत नाही. शॉपच्या मालकांशी बोलून आम्ही आमच्या दोन्ही गाड्यांना दोन तासांच्या पुढे हॉल्टिंग लावलं, गेटवर खाली व्हायला वेळ लागो नाहीतर रस्त्यात अडको, पैसे मिळतात. फार नाही, पण काकांनी हेल्पर परत ठेवला. हे पैसे सध्या आमच्या मार्जिनमधून जातात. कस्टमरला पत्र दिलं की ट्रिप रेटमध्ये हॉल्टिंगची लाइन घाला आणि डेबिट नोटच्या सिस्टिममध्ये रस्ता बंद असा एक कोड घाला, तोंडी बघू म्हणालेत, लेखी उत्तर नाही. मी आता रोज गाडी सुटल्याची वेळ, गेटवर लागल्याची वेळ आणि खाली झाल्याची वेळ अशा तीन वेळा एका शीटमध्ये टाकते. भोसरीतल्या अजून काही शॉपवाल्यांनाही सांगितलंय, त्यातल्या दोघांनी सुरू केलंय. एप्रिलमध्ये रेट रिव्हिजनची मीटिंग असते, तेव्हा ही शीट टेबलावर असेल.